दुर्बिणीवरचा आकडा आणि गोळीची वाट

हरभरा, तूर किंवा ज्वारी शेतात उभी असली की विदर्भातील अनेक शेतकऱ्यांची रात्र मचाणावर जाते. रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्याच्या या जागलीत बॅटरी, फटाके, डबे बडवणे हे सारे आले. आणि जुन्या पिढीच्या हाती असे ती गोफण. गोफण चालवणारा माणूस हाताला लागेल तो दगड उचलत नाही. उजेड असतानाच तो सारख्या आकाराचे, सारख्या वजनाचे गुंडे वेचून मचाणावर रचून ठेवतो. कारण त्याचा हात एका विशिष्ट वजनाला सरावलेला असतो. गुंडा हलका निघाला तर तो पलीकडे जातो आणि जड निघाला तर अलीकडेच पडतो. नेम तोच, हात तोच, परंतु गुंडा बदलला की हिशेब बदलतो.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हे गाव आहे. गांधीजींच्या वास्तव्याने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात एका बाजूस पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. दुसऱ्या बाजूस बोर व्याघ्र प्रकल्प आहे. पहिल्या ठिकाणी काडतुसे आणि तोफगोळे साठवले जातात. दुसऱ्या ठिकाणी वाघ गावाजवळ आला की वन विभागाचे पथक भूल देणारी बंदूक घेऊन निघते. या दोन्ही ठिकाणांना जोडणारा प्रश्न गोफणीच्या गुंड्याचाच आहे. बंदुकीवरील दुर्बिणीतून दिसणारी फुली आणि नळीतून सुटलेली वस्तू यांचा मेळ कसा घालायचा? चित्रपटांतून आपली अशी समजूत झालेली असते, की दुर्बीण लावली, फुली लक्ष्यावर धरली आणि चाप ओढला की काम झाले. वस्तुस्थिती तशी नाही.

दुर्बीण काय जाणते?

रायफलीवरील दुर्बीण दोन कामे करते. लक्ष्य मोठे करून दाखवणे हे पहिले. नजरेची रेषा आणि नळीची रेषा यांच्यातील कोन सूक्ष्म प्रमाणात बदलता येणे हे दुसरे, आणि खरे महत्त्वाचे. दुर्बिणीच्या माथ्यावर आणि बाजूला एकेक फिरकी असते. नेमबाज तिला टरेट म्हणतात. माथ्यावरची फिरकी गोळी वर-खाली नेण्यासाठी, तर बाजूची डावी-उजवीकडे नेण्यासाठी. फिरकी फिरवताना ठरावीक अंतराने ‘टिक्’ असा आवाज होतो. प्रत्येक टिचकीला ‘क्लिक’ म्हणतात. एक क्लिक म्हणजे ठरलेला एक अतिसूक्ष्म कोन.

या कोनाची मोजमापे दोन प्रकारची. पहिले ‘मिल’ म्हणजे एक हजारांश रेडियन. शंभर मीटरवर त्याची लांबी १० सेंटीमीटर भरते. अशा दुर्बिणींत एक क्लिक सहसा मिलचा दहावा भाग असतो, म्हणजे शंभर मीटरवर १ सेंटीमीटर, तीनशे मीटरवर ३ सेंटीमीटर. दुसरे माप ‘मिनिट’, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. तो शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटीमीटर भरतो. अशा दुर्बिणींत क्लिक बहुधा पाव मिनिटाचा असतो, म्हणजे शंभर मीटरवर सात मिलिमीटरहून किंचित अधिक.

दुर्बिणीला कोनापलीकडे काहीच कळत नाही. नळीत कोणते काडतूस भरले आहे, गोळी किती वजनाची आहे, ती किती वेगाने निघणार आहे, आज ऊन आहे की थंडी, यातील एकही गोष्ट तिला ठाऊक नसते. हे ज्ञान नेमबाजाने आणायचे असते. त्यासाठी गोळीची वाट समजून घ्यावी लागते.

गोळी सरळ जात नाही

नळीतून बाहेर पडल्याच्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. हातातून सुटलेला दगड ज्या त्वरणाने खाली येतो त्याच त्वरणाने. वेग कितीही असला तरी गुरुत्वाकर्षण तिला सवलत देत नाही. वेगाचा फायदा एवढाच, की लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास वेळ कमी लागतो आणि म्हणून पडायलाही वेळ कमी मिळतो.

एक उदाहरण घेऊ. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीतून ११.३ ग्रॅम वजनाची लांब पल्ल्याची गोळी सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने सुटते. तीनशे मीटर गाठण्यास तिला सुमारे ०.४२ सेकंद लागतात. डोळ्याचे पाते लवण्याएवढाच हा काळ. परंतु तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून पाऊण मीटरहून अधिक खाली आलेली असते. म्हणूनच रायफलीची नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली ठेवावी लागते. गोळी खालून येऊन नजरेची रेषा ओलांडते, थोडी वर जाते आणि पुढे पुन्हा ती रेषा छेदून खाली उतरते. या दुसऱ्या छेदाचे अंतर नेमबाज स्वत: निवडतो. त्या अंतरावर फुली आणि गोळीचे छिद्र एकमेकांवर आणण्याच्या क्रियेस ‘झीरो करणे’ म्हणतात.

वरील रायफल शंभर मीटरवर झीरो केली आणि फुली तशीच ठेवून तीनशे मीटरवरील लक्ष्यावर गोळी झाडली, तर ती सुमारे अर्धा मीटर खाली लागेल. तीनशे मीटरवर एक क्लिक ३ सेंटीमीटरचा. म्हणजे फिरकी सतरा-अठरा क्लिक वर न्यावी लागेल. पाचशे मीटरवर हीच घसरण सुमारे १.८ मीटर होते. तेथे एक क्लिक ५ सेंटीमीटरचा, म्हणून छत्तीसच्या आसपास क्लिक लागतील. अंतर दुपटीहूनही कमी वाढले. घसरण मात्र तिपटीहून अधिक झाली. हवेच्या रोधामुळे गोळी क्रमाने मंदावत जाते आणि पुढचे प्रत्येक शंभर मीटर पार करण्यास तिला आधीपेक्षा अधिक वेळ लागतो. त्यानेही या घसरणीत भर पडते.

येथे अंतराचा अंदाज चुकला तर काय होते, तेही पाहावे. लक्ष्य खरोखर साडेपाचशे मीटरवर असताना नेमबाजाने पाचशेचे क्लिक लावले, तर गोळी तीस सेंटीमीटरच्या आसपास खाली जाईल. लेसरने अंतर मोजणारी उपकरणे नेमबाजाच्या खिशात का आली, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

आकडा कोणाचा?

आतापर्यंतचा सारा हिशेब एका विशिष्ट गोळीचा होता. ती बदलली की तक्ता बाद ठरतो. याचे सर्वांत मोठे ऐतिहासिक उदाहरण भारतीय सैन्याशी निगडित आहे.

.३०३ या नावाने ओळखली जाणारी ली-एनफिल्ड रायफल आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसत असे. तिच्या जुन्या, सहाव्या नमुन्याच्या काडतुसात गोल नाकाची, सुमारे १३.९ ग्रॅम वजनाची गोळी होती आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ६३० मीटर होता. १९१० मध्ये ब्रिटिशांनी सातवा नमुना आणला. त्यात टोकदार, ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४५ मीटर वेगाने सुटे. रायफल तीच, नळीचा व्यासही तोच. नवे काडतूस जुन्या रायफलीत व्यवस्थित बसत असे. अडचण होती ती नेमाच्या पट्टीवर कोरलेल्या अंतराच्या खुणांची. त्या खुणा मंद आणि जड गोळीसाठी आखलेल्या होत्या. नवी गोळी अधिक सपाट वाटेने जाई, त्यामुळे जुन्या खुणेवर नेम धरला तर ती लक्ष्याच्या डोक्यावरून निघून जाई. पट्ट्या नव्याने आखाव्या लागल्या.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हे परिवर्तन भारतीय सैन्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस भारतीय पलटणी फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात उतरल्या. आघाडीवर पुरवठा होता तो नव्या काडतुसांचा. म्हणून या सैनिकांच्या हातातील रायफली बदलून नव्या काडतुसांना जुळणाऱ्या रायफली त्यांना देण्यात आल्या. वर्षानुवर्षे सराव केलेले शस्त्र ऐन लढाईच्या तोंडावर बदलावे लागले, आणि त्यामागे बंदुकीचा काहीच दोष नव्हता. मेळ बसत नव्हता तो खुणेचा आणि गोळीचा.

पुढच्या काळातील उदाहरण रशियन बनावटीच्या द्रागुनोव्ह रायफलीचे. भारतीय लष्करातील अचूक नेमबाजांच्या हाती ही रायफल दीर्घकाळ राहिली. तिच्या चौपट दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या फिरकीवर क्लिकच्या संख्येऐवजी थेट अंतरे कोरलेली असतात. १ म्हणजे शंभर मीटर, २ म्हणजे दोनशे, याप्रमाणे १० पर्यंत. सैनिकाला गणित करावे लागत नाही. अंतर पाहायचे आणि तो आकडा लावायचा. धावपळीत ही सोय मोलाची असते. मात्र कारखान्याने ते आकडे कोरताना एक विशिष्ट काडतूस गृहीत धरलेले असते. वेगळ्या वजनाची वा वेगळ्या वेगाची गोळी वापरली तर फिरकीवरचा ४ हा आकडा चारशे मीटर सांगत राहील आणि गोळी मात्र भलत्याच अंतराचा हिशेब पाळेल. हीच गोष्ट दुर्बिणीच्या काचेवर एकाखाली एक आखलेल्या तयार खुणांची. त्यातही काही दुर्बिणींत प्रतिमा लहान-मोठी करता येते, पण खुणांचा आकार तोच राहतो. तेथे त्या खुणा एकाच ठरावीक मोठेपणावर खऱ्या ठरतात. मोठेपणा बदलला की त्यांचे अंतर खोटे होते.

तात्पर्य, दुर्बिणीवर छापलेला अंतराचा आकडा दिसतो दुर्बिणीचा, पण असतो काडतुसाचा.

वैदर्भीय उन्हाची करामत

एकाच कारखान्याचे, एकाच नमुन्याचे काडतूस कायम वापरले तरी प्रश्न संपत नाही. काडतुसातील दारू ही जळणारी रासायनिक वस्तू आहे आणि ती किती झपाट्याने जळेल हे तिच्या तापमानावरही अवलंबून असते. दारू गरम असली की ती अधिक वेगाने जळते, नळीतील दाब वाढतो आणि गोळी अधिक वेगाने सुटते. हा फरक दारूच्या जातीनुसार बदलतो. परंतु तापमानाला संवेदनशील दारूच्या बाबतीत प्रत्येक अंशामागे सेकंदाला अर्धा मीटर हा ढोबळ अंदाज धरता येतो.

वर्ध्याचा हिवाळा आणि उन्हाळा शेजारी ठेवून पाहा. जानेवारीची पहाट १० अंशांची, तर मे महिन्याची दुपार ४५ अंशांची. ३५ अंशांच्या या फरकाने गोळीचा वेग सेकंदाला सतरा-अठरा मीटरने वाढू शकतो. त्यातच तापलेली हवा विरळ होते. १० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांवर हवेची घनता सुमारे अकरा टक्क्यांनी कमी भरते आणि तेवढा रोध घटतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात. हिवाळ्यात तयार केलेला तक्ता उन्हाळ्यात तसाच वापरला, तर आपल्या उदाहरणातील गोळी पाचशे मीटरवर वीस ते पंचवीस सेंटीमीटर वर लागेल. शंभर मीटरवर हा फरक जवळपास जाणवणारही नाही. त्यामुळेच ‘माझी रायफल शंभर मीटरवर अचूक आहे’ एवढ्या बळावर लांबचा नेम धरणारा माणूस फसतो. काडतुसे भर उन्हात, गाडीच्या टपावर किंवा तापलेल्या पेटीत ठेवली असतील तर दारूचे तापमान हवेपेक्षाही अधिक असते, हे वेगळेच.

दारूगोळा ही निर्जीव, कायम तशीच राहणारी वस्तू नाही. साठवण, उष्णता आणि काळ यांचा तिच्यावर परिणाम होतो. याची भीषण जाणीव ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या भांडारातील आगीने महाराष्ट्राला करून दिली. लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्या आगीशी झुंजताना मृत्युमुखी पडले. तो प्रश्न अर्थातच सुरक्षिततेचा होता. नेमबाजाचा प्रश्न त्यापुढे अगदी लहान आहे, पण दोहोंचे मूळ एकच. काडतुसाच्या पोटात काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, याची फिकीर करावीच लागते.

वाऱ्याचा हिशेबही गोळीगणिक वेगळा असतो. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा आपल्या उदाहरणातील गोळीला तीनशे मीटरवर दहा-बारा सेंटीमीटर बाजूला ढकलतो. बोथट, हलकी किंवा मंद गोळी त्याच वाऱ्यात कितीतरी अधिक सरकते. येथेही बाजूची फिरकी किती फिरवायची हे ठरवते ते काडतूसच.

पदकामागचा लॉट

हा सारा विचार केवळ युद्धाचा नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद पटकावले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील खाशाबा जाधवांच्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक तब्बल ७२ वर्षांनी आले.

या क्रीडाप्रकारात मोठे करून दाखवणारी दुर्बीण रायफलीवर चालत नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे गोल कडे, एवढाच नेमाचा सरंजाम. परंतु मागच्या छिद्राला तशाच दोन फिरक्या असतात आणि क्लिकचे शास्त्रही तेच. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तिन्ही आसनांत रायफलीचा आधार आणि डोक्याची ठेवण बदलते. म्हणून आसन बदलताच खेळाडू आपल्या वहीत नोंदवलेले क्लिक फिरवून घेतो.

येथील काडतूस .२२ चे. गोळी अवघी २.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ३२७ मीटर. ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी राहील, असा तो मुद्दाम ठेवलेला असतो, कारण ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळीला बसणारे हेलकावे अचूकतेला मारक ठरतात. या वेगाने पन्नास मीटर जाईपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटीमीटर पडते. आता समजा, एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरने कमी निघाला. तेवढ्याने ती सात मिलिमीटर खाली लागेल. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच मुळी १०.४ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम पाच मिलिमीटर! अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि गुणाचा प्रत्येक दशांश ०.८ मिलिमीटरचा असतो. खेळाडूने काहीही चूक न करता केवळ काडतुसाच्या विसंगतीमुळे जवळपास एक गुण हातचा जातो.

म्हणूनच या स्तरावरील खेळाडू काडतुसे केवळ नावावरून विकत घेत नाहीत. ते ‘लॉट’ निवडतात. एकाच खेपेत तयार झालेल्या काडतुसांचा गट म्हणजे लॉट. काडतुसे बनविणाऱ्या नामांकित युरोपीय कंपन्यांच्या चाचणीकेंद्रांत खेळाडूची रायफल शिकंज्यात घट्ट पकडतात. माणसाच्या हाताचा कंप त्यातून वगळला जातो. मग एकेका लॉटमधील गोळ्या झाडून कोणत्या लॉटची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात ते पाहतात. शेजारच्या खेळाडूच्या रायफलीला जो लॉट उत्तम जमला तो आपल्या रायफलीला जमेलच असे नाही. प्रत्येक नळीची आवड निराळी. योग्य लॉट सापडला की तो मोसमभर पुरेल एवढा घेऊन ठेवायचा आणि तो संपला की चाचणी पुन्हा आरंभापासून. गोफणीसाठी सारखे गुंडे वेचणाऱ्या शेतकऱ्याचेच हे काम, फक्त मिलिमीटरच्या पातळीवर नेलेले.

मेळ घालण्याची रीत

मग दुर्बीण आणि काडतूस यांचा मेळ प्रत्यक्षात कसा घालतात? क्रम साधा आहे, पण त्यातील एकही पायरी गाळून चालत नाही.

प्रथम जे काडतूस पुढे वापरायचे आहे, त्यानेच रायफल ठरावीक अंतरावर झीरो करायची. सरावाला स्वस्त काडतूस आणि प्रत्यक्षात दुसरे, हा मोह येथेच टाळायचा. दुसरी पायरी वेगमापनाची. नळीसमोर ठेवलेल्या यंत्राने दहा-वीस गोळ्यांचा वेग मोजायचा. सरासरी जितकी महत्त्वाची तितकीच गोळ्यागोळ्यांतील तफावतही. खोक्यावर छापलेला वेग कारखान्याच्या चाचणी-नळीतला असतो. आपली नळी आखूड असली तर तो कमी भरणार. तिसऱ्या पायरीत वेग, गोळीचे वजन व आकार, हवेचे तापमान व दाब आणि दुर्बिणीची नळीपासूनची उंची यांवरून प्रत्येक अंतराचे क्लिक काढायचे. पूर्वी हे कोष्टकांवरून करीत. आता मोबाइलमधील संगणकीय कार्यक्रम क्षणात करतात.

चौथी पायरी बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे दुर्बिणीचीच परीक्षा. फिरकीवर लिहिलेला क्लिक खरोखर तेवढा भरतो का? शंभर मीटरवर उंच कागद लावून, ओळंब्याने उभी रेघ आखून, फिरकी पन्नास क्लिक वर न्यायची आणि गोळी खरोखर पन्नास सेंटीमीटर वर सरकली का ते मोजपट्टीने पाहायचे. ती अठ्ठेचाळीसच सरकली तर सर्व तक्ता त्या प्रमाणात सुधारावा लागतो. गोळी रेघ सोडून बाजूला सरकत असेल तर दुर्बीण तिरकी बसली आहे असे समजावे. अखेरची पायरी म्हणजे दूरच्या अंतरांवर प्रत्यक्ष गोळी झाडून तक्त्याची शहानिशा करणे आणि तारीख, तापमान, लॉट यांसह ती वहीत नोंदवणे. गणिताने काढलेला आकडा हा अंदाज. कागदावरील छिद्र हा पुरावा. दोहोंत मतभेद झाला तर छिद्राचेच म्हणणे ऐकावे लागते.

बोरच्या जंगलात

खेळात एक गुण जातो. पण हाच मेळ चुकला तर एखादा जीव जाऊ शकतो, अशी जागा वर्धा जिल्ह्यातच आहे. बोर हा क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत गणला जातो. २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगल लहान, भोवताली शेते आणि गावे. वाघाला बाहेर पडायला वेळ लागत नाही. अशा वेळी वाघाला बेशुद्ध करून हलवायचे तर हाती लागते ती भूल देणारी बंदूक. न्यूझीलंडचे कॉलिन मर्डोक यांनी गेल्या शतकाच्या मध्यास हे साधन विकसित केले. या बंदुकीतून गोळीऐवजी एक उडती पिचकारी सुटते. पुढे सुई, पोटात औषध आणि मागे तोल राखणारा गोंडा. सुई अंगात रुतताच आतला दाब औषध स्नायूत ढकलतो.

या पिचकारीची वाट रायफलीच्या गोळीपेक्षा कितीतरी वाकडी असते. ती सेकंदाला ६५ मीटरने निघाली असे धरले, तर तीस मीटर जाण्यास तिला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती एक मीटरभर खाली येते. पंचवीस मीटरवर हीच घसरण सुमारे पाऊण मीटर असते. म्हणजे अंतराच्या अंदाजात अवघ्या पाच मीटरची चूक झाली तर सुई तीस सेंटीमीटर वर किंवा खाली जाते. मांडीच्या जाड स्नायूऐवजी ती पोटात, पायाच्या हाडावर किंवा गवतात जाईल. तीनशे मीटरवरील रायफलधाऱ्यालाही एवढी कडक परीक्षा द्यावी लागत नाही.

शिवाय येथे उलटाही धोका असतो. वेग वाढवला की वाट सरळ होते हे खरे. पण अधिक वेगाने आलेली सुई हाड मोडू शकते, खोल जखम करू शकते. वेग कमी पडला तर ती आदळून खाली पडते आणि औषध वाया जाते. म्हणून वायूच्या दाबावर चालणाऱ्या या बंदुकींत रायफलीच्या उलट रीत पाळतात. नेमाची खूण स्थिर ठेवतात आणि दाब बदलतात. या अंतराला, या नळीतून, एवढ्या औषधाच्या पिचकारीसाठी एवढा दाब, असा तक्ता आधी तयार असावा लागतो. औषधाचे प्रमाण बदलले की पिचकारीचे वजन बदलते आणि तक्ताही बदलतो. त्यासाठी तितकेच पाणी भरलेल्या पिचकाऱ्यांनी सराव करावा लागतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, हलत्या गवतात, मागे जमलेल्या गर्दीच्या गलक्यात उभ्या असलेल्या पशुवैद्यकाला हे सारे काही क्षणांत ठरवायचे असते. सुई बरोबर बसली तरी वाघ लगेच कोसळत नाही. औषध भिनेपर्यंत काही मिनिटे जातात आणि तेवढ्यात तो कुठेही जाऊ शकतो.

ही वेळ विदर्भावर पुन:पुन्हा आली आहे. जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातून पकडून बोरमध्ये सोडलेली वाघीण बाहेर पडली, माणसांवर हल्ले झाले, तिला ठार मारण्याच्या आदेशावरून न्यायालयीन लढाई झाली. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातच, शेताच्या कुंपणातील विजेच्या धक्क्याने तिचा अंत झाला. पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ म्हणून गाजलेली टी-१ वाघीण गोळीने मारली गेली. तिला आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न व्हावा, असा आदेश होता. भूल देणारी सुई केव्हा आणि कशी लागली यावरून जो वाद पेटला तो दीर्घकाळ धुमसत राहिला. या प्रसंगांचे न्यायनिवाडे अन्यत्र झाले आहेत, होत राहतील. येथे मुद्दा इतकाच, की ‘आधी बेशुद्ध करा’ हे कागदावरील तीन शब्द प्रत्यक्षात उतरवण्यासाठी कोणीतरी आधी शेकडो पाण्याच्या पिचकाऱ्या झाडून तक्ता तयार केलेला असावा लागतो. बंदूक आणि दुर्बीण एका दिवसात विकत मिळते. तो तक्ता मिळत नाही. पथकाला नवे साधन दिल्याची बातमी येते तेव्हा सराव किती झाला, हाही प्रश्न नागरिकांनी विचारायला हवा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक बंद केला, आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. त्यामुळे वाचकांपैकी फारच थोड्यांचा रायफलीच्या दुर्बिणीशी प्रत्यक्ष संबंध येईल. तरीही उद्या एखादा नेमबाज पदकापासून अर्ध्या गुणाने दूर राहिला, किंवा वाघावर झाडलेली सुई हुकली अशी बातमी वाचनात आली, तर ‘साधा नेमही धरता येत नाही का’ असे म्हणण्यापूर्वी ती एक मीटरची घसरण आठवावी. आणि कधी आंजीच्या वाटेवर एखाद्या मचाणापाशी सारख्या गुंड्यांची रास दिसलीच, तर ते दगड एवढ्या निगुतीने का वेचले आहेत, हे आता वेगळे विचारावे लागणार नाही.